कळ दाबली की आधी कोण ऐकतं? लिनक्सवर स्वतःचे कीबोर्ड शॉर्टकट

युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमधली पीडीएफ ज्यांच्या वाट्याला येते, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पानावर स्वच्छ मराठी मजकूर दिसत असतो. तो कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला की हातात येते इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांची भेळ. माझं काम मुद्रितशोधनाचं. जुन्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, परिपत्रकं असा मजकूर दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी समोर येतो. पूर्वी त्यातला हवा तो परिच्छेद मी पुन्हा टाइप करायचे. आता ‘सुपर’ (विंडोजचं चिन्ह छापलेली कळ) आणि ‘ओ’ या दोन कळा एकत्र दाबते, माउसने परिच्छेदाभोवती चौकट ओढते आणि काही क्षणांत तो मजकूर युनिकोड मराठीत क्लिपबोर्डवर तयार असतो. कंट्रोल-व्ही केलं की झालं.

हा शॉर्टकट कुठल्या प्रोग्रॅमबरोबर आलेला नाही, मी तो बनवला आहे. तो बनवायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. पण ‘सेटिंग्जमध्ये जा, नाव लिहा, कमांड लिहा’ एवढं सांगून काम भागत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. पहिला शॉर्टकट चालतो, दुसरा चालत नाही, का ते कळत नाही आणि माणूस नाद सोडून देतो. म्हणून आधी कृती थोडक्यात सांगते आणि मग कळ दाबल्यावर आत काय घडतं ते नीट सांगते. ते एकदा समजलं की अडलेला शॉर्टकट आपला आपल्याला सोडवता येतो.

तीन रकाने

माझ्या मशिनवर लिनक्स मिंट आहे आणि त्यावर सिनॅमन हा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, मेनू आणि सेटिंग्ज सांभाळणारा थर. त्यात ‘सिस्टीम सेटिंग्ज’ उघडायचं, ‘कीबोर्ड’वर जायचं, वर ‘शॉर्टकट्स’ हा टॅब दिसतो. डावीकडच्या यादीत ‘कस्टम शॉर्टकट्स’ निवडलं की खाली नवीन शॉर्टकट जोडायचं बटण असतं. तिथे दोन गोष्टी विचारल्या जातात: नाव आणि कमांड. नाव तुमच्या सोयीसाठी, ते मराठीत लिहिलं तरी चालतं. कमांड म्हणजे कळा दाबल्यावर जो प्रोग्रॅम चालायला हवा तो. त्यानंतर खालच्या चौकटीत ‘अनअसाइन्ड’ असं लिहिलेल्या ओळीवर दोनदा क्लिक करून हव्या त्या कळा प्रत्यक्ष दाबायच्या.

ग्नोममध्ये, म्हणजे उबुंटू किंवा फेडोरावर, हेच काम ‘सेटिंग्ज’मधल्या ‘कीबोर्ड’ भागात ‘व्ह्यू अँड कस्टमाइझ शॉर्टकट्स’ उघडून अगदी तळाच्या ‘कस्टम शॉर्टकट्स’मध्ये होतं. केडीई प्लाझ्मात ‘शॉर्टकट्स’च्या पानावर ‘ॲड न्यू’ करून ‘कमांड ऑर स्क्रिप्ट’ निवडायचं. एक्सएफसीईत ‘कीबोर्ड’मधला ‘ॲप्लिकेशन शॉर्टकट्स’ हा टॅब. चारही ठिकाणी गोष्टी त्याच, नाव, कमांड आणि कळा. काही ठिकाणी नाव विचारतही नाहीत.

पहिला प्रयोग म्हणून सोपी गोष्ट घ्या. कॅल्क्युलेटर किंवा तुमचा नेहमीचा एडिटर उघडायची कमांड टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, टाइप करून बघा. तिथे ती चालली की तीच ‘कमांड’च्या रकान्यात लिहा. आधी टर्मिनलमध्ये चालवून बघायची ही सवय फार मोलाची आहे. शॉर्टकट फसला तर चूक कमांडमध्ये आहे की कळांमध्ये, याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

टर्मिनलमध्ये चालते, शॉर्टकटमधून चालत नाही

ही सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार. तिचं कारण एका वाक्यात सांगता येतं: टर्मिनलमध्ये तुम्ही शेलशी बोलत असता, शॉर्टकटमध्ये शेल नसतो.

शेल म्हणजे तुमची ओळ वाचून तिचा अर्थ लावणारा मध्यस्थ. तुम्ही लिहिलेल्या नागमोडी टिल्ड चिन्हाचा अर्थ ‘माझं होम फोल्डर’ असा तो लावतो. उभी रेघ दिसली की एका प्रोग्रॅमचं उत्तर दुसऱ्याच्या हातात देतो. तुम्ही स्वतःसाठी केलेली छोटी नावं, म्हणजे एलियास, त्यालाच माहीत असतात. बहुतेक डेस्कटॉप शॉर्टकटची कमांड शेलला न देता थेट चालवतात. ग्नोम तर नक्कीच तसं करतं. मग टिल्ड हे नुसतं चिन्ह उरतं, उभ्या रेघेला अर्थ राहत नाही आणि एलियास कुणाच्या ओळखीचा नसतो. प्रोग्रॅम सापडत नाही आणि पडद्यावर काहीच होत नाही. एररसुद्धा दिसत नाही, कारण ती दाखवायला टर्मिनलच उघडं नाही.

उपाय सोपा आहे. एकापेक्षा जास्त पायऱ्यांचं काम असेल तर ते एका छोट्या स्क्रिप्ट फाइलमध्ये लिहायचं आणि कमांडच्या रकान्यात त्या फाइलचा पूर्ण पत्ता द्यायचा. पूर्ण म्हणजे मुळापासून: आधी तिरकी रेघ, मग होम, मग तुमचं युजरनेम, मग फोल्डर, मग फाइल. फाइलला चालण्याची परवानगी द्यायला विसरू नका. फाइल मॅनेजरमध्ये उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘परमिशन्स’मध्ये तो पर्याय मिळतो.

माझ्या ‘सुपर-ओ’मागची स्क्रिप्ट पाच ओळींची आहे. तिच्यात काही गूढ नाही, म्हणून ती उलगडून सांगते. पहिली ओळ ठरलेली: हॅश, उद्गारचिन्ह आणि त्यापुढे बॅश या शेलचा पत्ता. ‘ही फाइल बॅशकडून वाचून घ्या’ हा तिचा अर्थ. दुसरी ओळ ‘ग्नोम-स्क्रीनशॉट’ या प्रोग्रॅमला सांगते की वापरणाऱ्याला पडद्याचा एक भाग निवडू दे आणि ते चित्र तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेव. तिसरी ओळ ते चित्र ‘टेसरॅक्ट’ला देते. चित्रातली अक्षरं ओळखणारा, म्हणजे ओसीआर करणारा हा मुक्त प्रोग्रॅम. तो मुळात एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ च्या दरम्यान तयार झाला आणि २००५ साली सर्वांसाठी खुला झाला. मराठीसाठी त्याचं वेगळं पॅकेज घ्यावं लागतं. मिंट किंवा उबुंटूच्या सॉफ्टवेअर यादीत टेसरॅक्ट शोधलं की भाषांची पॅकेजं दिसतात. त्यातलं मराठीचं ‘एमएआर’ या तीन अक्षरांनी संपतं, आणि हीच तीन अक्षरं स्क्रिप्टमध्ये भाषा म्हणून लिहायची. मजकुरात अधूनमधून इंग्रजी शब्द असतील तर अधिकचं चिन्ह देऊन इंग्रजीची तीन अक्षरंही जोडता येतात. चौथी ओळ निघालेला मजकूर ‘एक्सक्लिप’च्या मदतीने क्लिपबोर्डवर ठेवते. पाचवी पडद्याच्या कोपऱ्यात ‘मजकूर तयार’ अशी सूचना दाखवते.

ही पाचवी ओळ वाटते तितकी बिनकामाची नाही. शॉर्टकट मुका असतो. तो चालला की नाही हे कळायला काहीतरी खूण हवी, नाहीतर आपण अधीर होऊन तीच कळ तीनदा दाबतो आणि तीन चौकटी उघडतात.

ओसीआरनंतर वाचून घ्यावंच लागतं. घ आणि ध, भ आणि म अशी गल्लत होते, आणि ‘दुसऱ्या’तला ऱ्या तर मी दर वेळी मुद्दाम तपासते. पण पूर्ण परिच्छेद टाइप करण्यापेक्षा चार अक्षरं दुरुस्त करणं कितीतरी बरं. मनगटाचं दुखणं असलेल्या माणसासाठी तर हा फरक फार मोठा आहे.

कळेचा प्रवास

आता आतली गोष्ट. तुम्ही कळ दाबता तेव्हा कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही. तो फक्त जागा सांगतो: अमुक ओळीतली अमुक कळ खाली गेली, अमुक वर आली. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्या जागेला एक नंबर देतो. इंग्रजी कीबोर्डवर ज्या कळेवर सी छापलेलं असतं तिचा नंबर ४६. एक्स११ या पडदा सांभाळणाऱ्या यंत्रणेत प्रत्येक नंबरात ८ मिळवले जातात, त्यामुळे तिथे तीच कळ ५४ होते. दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे वाचून गोंधळू नका, फरक बरोबर आठाचाच असतो.

नंबर ठरल्यावर लेआउटची पाळी येते. ५४ नंबरच्या जागेवर कोणतं अक्षर बसवायचं हे लेआउट ठरवतं. इंग्रजी चालू असेल तर सी. इनस्क्रिप्ट हे भारतीय भाषांचं प्रमाण लेआउट मराठीसाठी चालू असेल तर म. त्यानंतर ते अक्षर आणि सोबत दाबलेल्या कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट, सुपर या सोबतकळा असा सगळा ऐवज पुढे जातो.

आणि इथे मुख्य प्रश्न येतो: तो आधी कुणाकडे जातो?

आधी डेस्कटॉपकडे. या कळा कुणी राखून ठेवल्या आहेत का, हे तिथे बघितलं जातं. असतील तर त्यांचं काम होतं आणि तुमच्या समोर उघड्या असलेल्या प्रोग्रॅमला त्यांचा पत्ताही लागत नाही. कुणी राखलेल्या नसतील तरच त्या समोरच्या खिडकीत पोचतात, आणि मग तो प्रोग्रॅम आपले शॉर्टकट बघतो. त्याच्याकडेही नसेल तर अक्षर उमटतं.

एवढा क्रम लक्षात ठेवला तर बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. तुम्ही कंट्रोल-एस ही जोडी डेस्कटॉपच्या पातळीवर एखाद्या कामाला दिलीत, तर लिबरऑफिसमध्ये सेव्ह होणं बंद पडेल, कारण ती जोडी तिथवर पोचणारच नाही. म्हणून कंट्रोल ही कळ प्रोग्रॅमांची समजावी. ऑल्ट मेनू उघडायला लागते. कंट्रोल-शिफ्ट टर्मिनलला लागतं, तिथे कॉपी कंट्रोल-शिफ्ट-सी ने होते. कंट्रोल-ऑल्ट-एफ१ पासून पुढच्या एफ-कळा काळ्या पडद्याच्या कन्सोलवर नेतात, त्या अजिबात घेऊ नका. चुकून तिथे गेलात तर घाबरायचं कारण नाही. मिंटवर बहुधा कंट्रोल-ऑल्ट-एफ७ ने आपलं सगळं होतं तसं परत मिळतं.

आपल्यासाठी खरी मोकळी जमीन म्हणजे सुपर, म्हणजेच विंडोजचं चिन्ह छापलेली कळ. तिच्यावरच्या थोड्या जोड्या डेस्कटॉपने घेतलेल्या असतात. ग्नोम आणि प्लाझ्मात सुपर-एल ने पडदा लॉक होतो, सुपर-डी ने डेस्कटॉप दिसतो, ग्नोममध्ये सुपर-स्पेसने भाषा बदलते. पण बाकीची अक्षरं बरीचशी रिकामी असतात, आणि सुपर-शिफ्ट तर जवळजवळ सगळंच. अक्षर निवडताना कामाच्या नावाचं पहिलं अक्षर घ्यावं. माझं ओसीआर म्हणून ओ. सहा महिन्यांनी आठवतो तो हाच शॉर्टकट.

कीबोर्डवरच्या एफएन या कळेबद्दल अनेकजण विचारतात. बहुतेक लॅपटॉपमध्ये ती कळ कीबोर्डच्या आतच हिशेबात घेतली जाते, लिनक्सपर्यंत तिचा नंबर येतच नाही. त्यामुळे तिच्यावर शॉर्टकट बसत नाही. उलट २०२४ पासून काही नव्या लॅपटॉपवर जी कोपायलटची कळ येते, ती लिनक्सला दिसते. ती दाबली की सुपर, शिफ्ट आणि एफ२३ अशा तीन कळा एकत्र दाबल्याचा निरोप जातो. खरा एफ२३ कीबोर्डवर कुठेच नसल्यामुळे ही जोडी सहसा कुणी वापरत नाही. ती आपल्या कामाला जोडायला हरकत नाही.

मराठी लेआउट चालू असताना

मराठीत लिहिणाऱ्यांची खास अडचण इथे आहे, आणि इंग्रजीतल्या सूचना वाचून ती सुटत नाही.

वर म्हटलं तसं इनस्क्रिप्टमध्ये सीच्या जागी म आहे, व्हीच्या जागी न, एक्सच्या जागी अनुस्वार. मग मराठी चालू असताना कंट्रोल-सी दाबलं तर संगणकाला ‘कंट्रोल-म’ ऐकू यायला हवं, आणि कंट्रोल-म असा शॉर्टकट तर कुठेच नाही. तरीही कॉपी होते. कारण बहुतेक प्रोग्रॅम ज्या साहित्यावर उभे असतात, त्या जीटीके आणि क्यूट या दोन्हींमध्ये ही सोय केलेली आहे: आलेलं अक्षर रोमन नसेल तर या जागेवर दुसऱ्या कुठल्या लेआउटमध्ये रोमन अक्षर आहे का ते बघ. तुमच्या यादीत इंग्रजीही असेल तर त्याला सी सापडतो.

म्हणून लेआउटच्या यादीतून इंग्रजी कधी काढू नका. कुणाला फक्त मराठीत लिहायचं असतं, यादी सुटसुटीत दिसावी म्हणून ते इंग्रजी काढून टाकतात आणि त्या दिवसापासून शॉर्टकट विचित्र वागू लागतात. इंग्रजी असू द्या, आणि शक्यतो पहिलं असू द्या.

काही यंत्रणा ही शोधाशोध आपणहून करत नाहीत. स्वे नावाचा विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम, वापरणाऱ्यांना हा अनुभव येतो. त्यात शॉर्टकट फाइलमध्ये लिहायचे असतात, आणि अक्षराच्या नावाने लिहिलेला शॉर्टकट मराठी लेआउटवर गेलं की गप्प होतो. तिथे ‘टू-कोड’ हा पर्याय जोडला की स्वे अक्षराऐवजी जागेचा नंबर धरून बसतो, तोही यादीतल्या पहिल्या लेआउटप्रमाणे. मग भाषा कोणतीही असो, कळ तीच राहते.

आयबस या टायपिंगच्या साधनातून फोनेटिक पद्धतीने, म्हणजे उच्चाराप्रमाणे रोमन कळा दाबून, लिहिणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही. तिथे खालचं लेआउट इंग्रजीच असतं आणि मराठी अक्षरं वरच्या थरात तयार होतात.

कॅप्स लॉकची कळही इथेच कामाला येते. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत. दिवसभर मराठी लिहिणाऱ्याला कॅप्स लॉकचा उपयोग नाही, आणि तरी ती कळ डाव्या करंगळीच्या अगदी शेजारी, मोक्याच्या जागी बसलेली असते. लेआउटच्या पर्यायांमध्ये ‘स्विचिंग टू अनदर लेआउट’ या गटात कॅप्स लॉक निवडता येते. मग एका कळेवर मराठी, पुन्हा त्याच कळेवर इंग्रजी. त्याच पर्यायांमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी मला फार आवडते: कॅप्स लॉकचा छोटा दिवा दुसरं लेआउट चालू असल्याची खूण म्हणून वापरता येतो. दिवा लागला म्हणजे मराठी, विझला म्हणजे इंग्रजी. अर्धी ओळ टाइप करून वर पाहिल्यावर भलत्याच भाषेत गेलेली दिसायची, ते माझं या दिव्यामुळे थांबलं. हे पर्याय सिनॅमन आणि एक्सएफसीईवर सरळ काम करतात. ग्नोमची भाषा बदलायची स्वतःची पद्धत आहे, तिथे सुपर-स्पेसच बदलून घेतलेलं बरं.

कळ सोडेपर्यंत थांबा

एका अडचणीत माझी पूर्ण संध्याकाळ गेली होती, म्हणून ती तपशिलात सांगते. ‘सुपर-ओ’ बनवायच्या आधी, एका जुन्या मशिनवर एक्स११ असताना, पडद्याचा भाग निवडण्यासाठी मी ‘स्क्रॉट’ नावाचा छोटा प्रोग्रॅम वापरत होते. टर्मिनलमधून चालवला की चौकट ओढता यायची. तोच शॉर्टकटवर ठेवला की काहीच नाही. स्क्रिप्टचा पत्ता तपासला, परवानगी तपासली, कळा बदलून पाहिल्या. सगळं बरोबर होतं.

शेवटी स्क्रिप्टच्या एरर एका फाइलमध्ये लिहून घेतल्या, तेव्हा कारण सापडलं. एक्स११ मध्ये शॉर्टकटची कळ ज्याने राखलेली असते, तो ती कळ दाबल्यापासून सोडेपर्यंत पूर्ण कीबोर्ड धरून ठेवतो. स्क्रॉटलाही निवड करताना कीबोर्ड स्वतःकडे हवा असतो, म्हणजे एस्केप दाबून निवड रद्द करता येते. माझं बोट अजून कळेवर होतं. स्क्रॉटने कीबोर्ड मागितला, तो मोकळा नव्हता, स्क्रॉट बंद झाला. हे सगळं सेकंदाच्या छोट्या तुकड्यात.

उपाय काय, तर स्क्रिप्टमध्ये स्क्रॉटच्या आधी अर्धा सेकंद थांबायची एक ओळ. तेवढ्यात बोट उचललं जातं. आय३ या विंडो मॅनेजरमध्ये यासाठी ‘रिलीज’ असा पर्यायच आहे, म्हणजे कळ दाबल्यावर काम न होता सोडल्यावर होतं.

हाच नियम दुसरीकडेही दिसतो. एक्स११ मध्ये एखाद्या प्रोग्रॅमचा मेनू उघडा असताना स्क्रीनशॉटची कळ दाबून बघा, बऱ्याचदा काही होत नाही. उघड्या मेनूने कीबोर्ड धरलेला असतो. मेनूचं चित्र हवं असेल तर पाच सेकंदांनी स्क्रीनशॉट घ्यायला सांगायचं आणि तेवढ्यात मेनू उघडायचा.

कळ कुठे अडते ते बघायला एक्स११ वर ‘एक्सईव्ही’ नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. टर्मिनलमधून चालवला की एक पांढरी खिडकी उघडते. तिच्यावर फोकस ठेवून कळ दाबा आणि टर्मिनलमध्ये काय उमटतं ते बघा. नंबर आणि अक्षर आलं तर कळ मोकळी आहे. काहीच आलं नाही तर ती लिनक्सपर्यंत पोचत नाही, एफएनसारखी. आणि कळेची नोंद न येता ‘फोकसआउट’ अशी नोंद आली, तर ती जोडी आधीच कुणीतरी राखली आहे. मग डेस्कटॉपच्या शॉर्टकट यादीत जाऊन शोधा, किंवा मागे चालू असलेला एखादा क्लिपबोर्ड मॅनेजर, चॅटचा प्रोग्रॅम तपासा.

वेलँड आल्यावर काय बदललं

एक्स या यंत्रणेची सुरुवात १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये झाली, आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. त्या काळच्या विश्वासाच्या वातावरणाप्रमाणे तिच्यात कोणताही प्रोग्रॅम ‘ही कळ मला द्या’ असं म्हणून ती सगळीकडून राखू शकतो. एवढंच नाही, तर कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकीत टाइप होणाऱ्या कळा गुपचूप ऐकूही शकतो. त्यात पासवर्डही आले.

क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी २००८ साली सुरू केलेल्या वेलँडने, म्हणजे एक्सची जागा घेणाऱ्या नव्या यंत्रणेने, हे दार बंद केलं. वेलँडमध्ये कळा फक्त डेस्कटॉपला आणि ज्या खिडकीवर फोकस आहे तिलाच मिळतात. फेडोराने २०१६ मध्ये वेलँड मूळ पर्याय केला, प्लाझ्मानेही २०२४ च्या सहाव्या आवृत्तीत तसं केलं. मला हा बदल योग्य वाटतो. पण त्याची किंमत जुन्या साधनांनी मोजली. ‘एक्सबाइंडकीज’, ‘एसएक्सएचकेडी’ असे स्वतंत्रपणे शॉर्टकट सांभाळणारे प्रोग्रॅम वेलँडवर काम करत नाहीत, कारण सगळीकडून कळ राखायची परवानगीच कुणाला नाही. जुन्या लेखांतली कृती जशीच्या तशी करून ती चालली नाही, तर आधी हे तपासा. ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’च्या तपशिलात ‘विंडोइंग सिस्टीम’समोर एक्स११ की वेलँड ते लिहिलेलं असतं.

डेस्कटॉपच्या स्वतःच्या सेटिंग्जमधून केलेले शॉर्टकट मात्र दोन्हीकडे चालतात. त्यामुळे शक्य तोवर तेच वापरावेत असा माझा सल्ला आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी आता ‘पोर्टल’ नावाची रीत आली आहे: प्रोग्रॅम विनंती करतो, डेस्कटॉप तुम्हाला विचारतो, तुम्ही हो म्हटलं तर कळ मिळते. प्लाझ्मात आणि ग्नोमच्या नव्या आवृत्त्यांत ती आहे. माझी ओसीआरची स्क्रिप्टही वेलँडवर थोडी बदलावी लागते. एक्सक्लिपच्या जागी ‘डब्ल्यूएल-कॉपी’ येतं, आणि स्क्रीनशॉटसाठी त्या त्या डेस्कटॉपचं साधन वापरावं लागतं, प्लाझ्मात स्पेक्टॅकल.

अजून खोल जायचं असेल तर

वरचं सगळं डेस्कटॉपच्या पातळीवरचं. त्याच्याही खाली, कर्नलजवळ, कळांचा अर्थच बदलणारी साधनं आहेत. त्यातलं ‘कीडी’ मला सर्वात सरळ वाटतं. ते लेआउटच्या आधी काम करतं, त्यामुळे एक्स११ असो, वेलँड असो की नुसता काळा कन्सोल, सगळीकडे सारखंच चालतं. त्याचं खास बळ म्हणजे एकाच कळेला दोन कामं देता येतात: कॅप्स लॉक नुसती टिचकी मारली तर एस्केप, दाबून धरली तर कंट्रोल.

पण इथे सांभाळून राहावं लागतं. कीडी पूर्ण सिस्टीमवर लागू होतं आणि त्याची फाइल बदलायला रूटचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रशासकाचा, अधिकार लागतो. चुकीची ओळ लिहून सेव्ह केलीत तर असंही होऊ शकतं की ती चूक सुधारायला लागणारी कळच चालत नाही. यासाठी कीडीत एक सुटकेची जोडी ठेवली आहे: बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की कीडी बंद पडतं आणि कीबोर्ड मूळ रूपात येतो. ही जोडी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा आणि मगच फाइल उघडा.

बनवलेले शॉर्टकट जपून ठेवायचं काम राहिलं. नवीन आवृत्ती कोरी इन्स्टॉल केली की ते जातात, आणि तीस शॉर्टकट पुन्हा आठवून बसवणं जिवावर येतं. एक्सएफसीई आणि प्लाझ्मा ते होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात साध्या फाइलमध्ये ठेवतात, ती फाइल कॉपी करून ठेवायची. प्लाझ्मात तिचं नाव ‘केग्लोबलशॉर्टकट्सआरसी’. सिनॅमन आणि ग्नोम डीकॉन्फ नावाच्या साठ्यात ठेवतात. तिथून ‘डीकॉन्फ डंप’ने सगळे शॉर्टकट एका मजकुराच्या फाइलमध्ये काढता येतात आणि नव्या मशिनवर ‘डीकॉन्फ लोड’ने परत भरता येतात. सिनॅमनमध्ये त्यासाठी ऑर्ग, सिनॅमन, डेस्कटॉप, कीबाइंडिंग्ज असा पत्ता द्यायचा, मध्ये तिरक्या रेघा, आणि सुरुवातीला व शेवटी एकेक रेघ हवीच. शेवटची रेघ राहिली तर डंप होत नाही. स्क्रिप्टची फाइल वेगळी कॉपी करायला विसरू नका. शॉर्टकट परत येईल, पण तो ज्या पत्त्यावर बोट दाखवतो तिथे फाइल नसेल तर सुपर-ओ दाबल्यावर पुन्हा काहीच होणार नाही.